रविवारचं मागचं दार

"आर्लन, मी आहे. दिवा नको लावूस."

मागच्या दाराच्या फटीतून आलेला तो आवाज मार्लिस हाउगनच्या कानातून कधी गेलाच नाही. बाईचा आवाज होता. थंडीनं चिरलेला, गोठलेल्या नदीखालून पाणी वाहावं तसा दबका. त्या रविवारी आर्लननं कडी काढली, आणि दुकानामागच्या त्यांच्या घरातली सगळी ऊब त्या दारातून बाहेर गेली ती गेलीच. आर्लनला जाऊन कितीतरी हिवाळे झाले. मार्लिस सत्तरीला टेकली, गुडघे कुरकुरायला लागले. पण खोकं उचलताना, गल्ला लावताना, चर्चमध्ये डोळे मिटताना तो आवाज यायचा. दिवा नको लावूस. आणि मार्लिस मनात म्हणायची, लावीन. एक दिवस लावीन.

एल्क लँडिंग हे गाव नदीच्या अलीकडच्या काठावर, मिनेसोटात. पूल ओलांडला की विस्कॉन्सिन. अलीकडे रविवारी दारूच्या दुकानाला कुलूप, हा राज्याचा कायदा. पलीकडे दिवसभर उघडं. म्हणून रविवारी प्रार्थना आटोपली की निम्म्या गावाच्या गाड्या पुलावरून पलीकडे जायच्या आणि तासाभरानं बाटल्यांच्या भारानं मागचं बूड टेकवत परत यायच्या. मार्लिसच्या बंद दारूच्या दुकानावरून. ती पडद्याआडून बघायची, मोजायची नाही.

गुरुवारी मालाची गाडी आली. नोव्हेंबर सरत आला होता, काचेवर बर्फाची नक्षी धरली होती. मार्लिस आणि तिची मुलगी रोंडा बियरची खोकी ढकलगाडीवर रचत होत्या. रोंडा चाळिशीची, बापासारखी रुंद खांद्याची, नवऱ्याला सोडून दुकानात परत आलेली.

"आई, तू तळातलं नको उचलूस. कंबर धरली की मग मलाच शेकत बसावं लागतं."

"तुझ्या वयाची होते तेव्हा दोन दोन उचलायची मी."

"म्हणूनच आता एक उचलवत नाही."

तेवढ्यात गॉर्डी आत आला. नळ दुरुस्त करणारा गॉर्डी. गावातल्या प्रत्येकाच्या तळघरातली गळती त्याला ठाऊक, आणि तोंड मात्र त्याच्या पान्यासारखं कधी मिटायचं नाही.

"शनिवारी सभेला येताय ना? आमदार येणारेत. रविवारची दुकानं उघडायची की नाही, आणि किराणावाल्यांना वाइन-बियर विकू द्यायची की नाही. कायदा पुन्हा मांडणारेत म्हणे."

"तुझं काय मत, गॉर्डी?" रोंडानं विचारलं.

"माझं? माझं मत प्रामाणिक आहे. मला रविवारी पूल ओलांडायचा कंटाळा येतो."

"रविवारची शनिवारी घेऊन ठेवायला काय होतं?"

"ठेवतो की. पण ती शनिवारीच संपते. यात माझा काय दोष?"

रोंडा हसली. मार्लिस हसली नाही. तिची नजर दाराकडे होती. बाहेर पांढरी मोठी गाडी थांबली होती, आणि कर्टिस व्होल्ड काखेत डुकराच्या मांडीचं भाजलेलं हॅम घेऊन, बर्फ झटकत आत येत होता.

कर्टिस साठीचा. हमरस्त्यावरचं मोठं किराणा-भांडार त्याचं, दोन्ही पेट्रोल पंप त्याचे. दर वर्षी नाताळच्या आधी तो गावातल्या विधवांना हॅम वाटायचा. मार्लिसच्या दुकानात यायचा तेव्हा मुद्दाम लोक असतील अशा वेळी.

"मार्लिस, हे तुमच्यासाठी. हाडासकट आहे, सूपही होईल."

"ठेव तिकडे."

त्यानं ठेवलं. मग खिशातून घडी केलेला कागद काढला, रंगीत, मोठ्या अक्षरांचा. 'रविवार आपला आहे.'

"हा तुमच्या काचेवर लावला तर चालेल का? म्हणजे गावाला दिसेल की जुनी माणसंसुद्धा बदलाच्या बाजूनं आहेत."

"कर्टिस, आम्हाला आठवड्यातून एक दिवस झोपायला मिळतं," रोंडा म्हणाली. "सहा दिवसांचं गिऱ्हाईक सात दिवसांत वाटलं तर ते वाढत नाही. दिव्याचं बिल वाढतं, पाय दुखतात."

"अगं, म्हणून तर म्हणतोय. तुम्ही दोघी थकताय. कायदा झाला की माझ्या भांडारात सगळंच मिळणार, मग हमरस्ता सोडून इतक्या आत कोण येणार? आत्ताच मला देऊन टाका हे. रोंडाला मी काउंटरवर घेतो. वर्दी वगैरे देतो."

वर्दी. रोंडाचा हात खोक्याच्या कडेवर पांढरा पडला.

मार्लिस सावकाश म्हणाली, "कर्टिस, एके काळी रविवार तुला फार पवित्र होता."

तो हसला. दात चांगले होते त्याचे. "तेव्हा तरुण होतो, मार्लिस. नगर मंडळावर नवा नवा गेलेलो. आणि नियम तेव्हा नियम होता. आर्लनबद्दल माझ्या मनात काही नव्हतं. आजही नाही. वाईट वाटतं कधीकधी."

"कधीकधी," मार्लिस म्हणाली.

तो गेल्यावर तिनं हॅम उचललं, मागचं दार उघडलं आणि बर्फात भिरकावलं. कावळे वाटच बघत होते. काळी पाखरं, पांढरं बर्फ, गुलाबी मांस. मार्लिस उभी राहून ते फाटताना बघत राहिली. थंडीनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

*

आर्लननं मागच्या दाराची कडी काढली त्या वर्षी वादळ शुक्रवारी सुरू झालं होतं. शनिवारभर बर्फ पडलं, दुकान उघडलंच नाही. रविवारी पहाटे, अंधार असतानाच आभाळ निवळलं, आणि सगळं रान नव्या चादरीसारखं पसरलं, सुरकुती नसलेलं. त्या चादरीवरून, शेतं तुडवत, एकटी हिल्मा व्होल्ड आली. कर्टिसची आई.

हिल्माचा नवरा ओरिन चर्चच्या पंचांचा प्रमुख होता. गावाला वाटायचं ओरिननं आयुष्यात थेंब घेतला नाही. तो गोठ्यात घ्यायचा, धान्याच्या पिंपात बाटल्या दडवून. वादळात साठा संपला. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागले, तिसऱ्या दिवशी भिंतीवर उंदीर दिसायला लागले. रस्ते बंद. डॉक्टर फोनवर म्हणाला, चमचा चमचा देत राहा रस्ता मोकळा होईपर्यंत, एकदम तोडलीत तर सकाळ बघणार नाही. मग हिल्मानं नवऱ्याचे रबरी बूट स्वतःच्या बुटांवरून चढवले. पावलं उमटली तरी ती बाईची दिसू नयेत म्हणून.

आर्लननं बाटली दिली. पैसे घेतले नाहीत. मार्लिसनं हिल्माला शेगडीपाशी बसवलं. त्या ढगळ बुटांत बर्फ भरून आतले बूट, मोजे सगळं भिजलं होतं, बोटं मेणासारखी झाली होती. मार्लिसनं ती बोटं स्वतःच्या पोटाशी धरली, चोळली, ऊब आणली. मग आपले लोकरीच्या अस्तराचे बूट तिच्या पायांत घातले; ते रबरी बूट शेगडीपाशीच राहिले. आर्लननं तिला ट्रॅक्टरवर बसवून घरी सोडलं. निघताना हिल्मा म्हणाली, "माझं नाव कुणाला सांगू नका. शपथ आहे." आर्लननं मान हलवली. आर्लनचं मान हलवणं म्हणजे दुसऱ्या कुणाचा सहीशिक्का.

त्या दुपारी कर्टिस बर्फगाडीवरून गावात आला. त्यानं पावलांची ती एकच रांग बघितली, मोठी, पुरुषी, शेतातून येऊन दुकानाच्या मागच्या दाराशी संपलेली. ती कुठून आली हे उलट जाऊन बघितलं असतं तर त्याच्याच बापाच्या गोठ्यापाशी पोचला असता. पण ज्याला दुसऱ्याचं दार सापडलं तो माग उलटा काढत नाही. त्यानं तक्रार केली.

मंडळाची बैठक माजी सैनिकांच्या हॉलमध्ये भरली. आर्लनला टेबलासमोर उभं केलं. रविवारी बाटली दिलीस? दिली. कुणाला? आर्लन गप्प. पुन्हा विचारलं, कर्टिसनंच. नाव सांगितलंस तर ताकीद देऊन सोडू. आर्लननं टोपी या हातातून त्या हातात घेतली. बस. सबंध हिवाळ्यापुरता परवाना गेला. आर्लन धान्याच्या कोठारावर फावडं मारायला लागला. भुसा छातीत बसला. चर्चमध्ये दानाची थाळी फिरवायचा मान त्याचा होता. पाद्री येऊन हळूच म्हणाले, काही दिवस विश्रांती घे. पुढे दर रविवारी मार्लिसनं बघितलं: थाळी पुढून जायची, आणि आर्लनचे ते मोठे हात मांडीवर उताणे पडलेले असायचे, रिकाम्या घमेल्यांसारखे.

ओरिन पुढच्या वसंतात झोपेत गेला. गावभर मान मिळाला. आर्लन त्यानंतर काही वर्षांनी खोकून खोकून गेला. जाताना म्हणाला, "मार्लिस, नाव नको हं काढूस." तिनं शब्द दिला. हिल्मा सांत्वनाला आली, ताटभर गोड वड्या घेऊन. मार्लिसला मिठी मारली. आणि कानात काही बोलली नाही. एक अक्षर नाही.

*

शुक्रवारी चर्चच्या तळघरात बाया लेफ्सा करायला जमल्या. उकडलेल्या बटाट्याची ही पातळ पोळी. नाताळच्या जेवणासाठी टोपल्या भरभरून लागायच्या. खाली पीठ उडत होतं, तवे धुमसत होते. लाटताना म्हणायचं जुनं गाणं म्हाताऱ्यांच्या तोंडी होतं:

लाटते गं पोळी, चंद्राहून पातळ
घरधनी माझा, नदीपल्याड
उडे पीठ, उडे बर्फ, वाट झाली पांढरी
माग कुणाचा गं, माझ्या दारी

मार्लिस लाटत होती. तव्यापाशी चाकाच्या खुर्चीत हिल्मा बसली होती, नव्वदी ओलांडलेली, अंगानं पाखरू झालेली. हातात लांब चपटी काठी. ती काठी पोळीखाली सरकवून अलगद उलटायची. तिच्याइतकी सफाई अजून गावात कुणाला नव्हती.

दाराशी पायपुसण्यावर सगळ्यांचे काळे रबरी बूट उलटेपालटे पडले होते. सगळे सारखे. म्हणून प्रत्येक घर टाचेवर आपला रंग लावायचं: कुणी लाल ठिपका, कुणी पिवळी रेघ. व्होल्डांचा हिरवा पट्टा, आडवा, ट्रॅक्टरच्या रंगाचा. तो गावातलं पोरही ओळखायचं.

बाया कॉफीला गेल्या तेव्हा तव्यापाशी दोघीच उरल्या.

"उद्या सभेला येणार ना, हिल्मा?"

"कर्टिस नेतो म्हणालाय. पुढच्या रांगेत बसवणार आहे." हिल्मानं काठी सरकवली. "म्हणतो, घराणं दिसलं पाहिजे."

"या. नक्की या."

हिल्माची काठी थबकली. पोळीवर तपकिरी डाग उठत होते, ते काळे व्हायला लागले.

"मार्लिस... पोरी, तू बोलणार आहेस उद्या?"

"जळतेय ती."

हिल्मानं पोळी उलटली. "बोलणार आहेस?"

मार्लिसनं लाटणं खाली ठेवलं. त्या क्षणी तिच्या मनात खरोखर काहीच पक्कं नव्हतं. म्हातारीच्या मनगटाची हाडं दिसत होती, पातळ कातडीखाली निळ्या शिरा. हिनं आत्ता एकदा म्हणावं, चुकलं. एकदा आर्लनचं नाव घ्यावं. मी इथेच सगळं या तव्यात जाळून टाकीन, असं मार्लिसला वाटून गेलं.

"मी आर्लनला शब्द दिलाय," ती म्हणाली. "तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

आणि हिल्मानं सुस्कारा सोडला. लांब, सुखाचा, दिवसभराच्या कामानंतर बूट काढावेत तसा. चेहऱ्यावर थोडा रंगसुद्धा आला. "तू गुणाची आहेस," ती म्हणाली. "पीठ घाल गं थोडं, चिकटतंय."

मार्लिसनं पीठ घातलं. सबंध दुपारभर ती लाटत राहिली. पोळ्या पातळ, गोल, बिनचूक. त्या सुस्काऱ्याची वाफ तिच्या अंगाला लागली होती आणि ती आत कुठेतरी थिजून पात्यासारखी झाली होती.

*

शनिवारी दुपारी तिनं दुकान लवकर बंद केलं. पाटी उलटी केली, मागच्या खोलीत गेली. शेगडीमागच्या फळीवर, तागाच्या पोत्याखाली ते बूट होते. रबर कडक झालं होतं, घड्यांना चिरा पडल्या होत्या, कड्यांवर गंज. हिल्मा ते न्यायला कधी आली नव्हती. न्यायला येणं म्हणजेच कबूल करणं. मार्लिसनं ओल्या फडक्यानं टाचा पुसल्या. धूळ गेली तसा हिरवा पट्टा वर आला, कालच लावल्यासारखा.

रोंडा दारात उभी होती.

"हे काय चाललंय?"

"स्वच्छता."

"आई, ते व्होल्डांचे आहेत." ती जवळ आली. "म्हणजे... ओरिन व्होल्ड? बाबांनी त्याला..."

"मी काही म्हटलं नाही."

"आई!" रोंडा खोक्यावर बसली. तिनं त्या हिरव्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग तिचा आवाज बारीक झाला. "शाळेत मला बर्फात पाडायचे. चोरट्या बाटलीवाल्याची पोर म्हणायचे. आणि हे इथे होतं? शेगडीमागे? मी रोज इथे पाय शेकायची!"

"तुझ्या बापानं सांगितलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही."

"मग आजच का? आज आपल्याला दुकान वाचवायचंय. आमदारांना सांगायचंय की लहान दुकानदाराला एक सुट्टी हवी, किराणावाल्यांना परवाने देऊ नका. तू जुनी भुतं काढलीस तर ते म्हणतील, ही भांडखोर म्हातारी. कायदा करतील आणि जातील. मी ती वर्दी घालू?"

"तू बोल ना दुकानाबद्दल. छान बोलतेस."

"आणि तू?"

"मी बोलणारच नाही." मार्लिसनं बूट बियरच्या रिकाम्या खोक्यात ठेवले, बरोबर जोडी लावून. "तुझा बाप जेवढं बोलला त्याहून एक शब्द जास्त नाही."

*

हॉल तोच होता. खाली लाकडी जमीन, भिंतीवर युद्धात गेलेल्यांचे फोटो, कोपऱ्यात स्वयंपाकघराची खिडकी, तिथून कॉफीचा वास. टेबलही तेच असावं. त्याच्यामागे आमदार बसले होते, तरुण, नीट कापलेल्या दाढीचे, पेन्सिल तयार. माणसं जाड कोट न काढताच खुर्च्यांवर बसली होती. पुढच्या रांगेत कर्टिस, शेजारी हिल्माची खुर्ची, गुडघ्यांवर विणलेली शाल.

गॉर्डी पहिला उठला. "साहेब, आम्ही रविवारी विस्कॉन्सिनला कर देतो. पूल झिजवतो तो आपला, कर जातो त्यांना. एवढंच." हशा पिकला.

रोंडा उठली. "आमच्याकडे दोन माणसं आहेत, साहेब, आई आणि मी. मोठ्या भांडाराकडे पाळ्या लावायला माणसं आहेत. रविवार उघडा केलात तर ज्याच्याकडे माणसं आहेत तो उघडेल, आणि ज्याच्याकडे नाहीत तो झोपेत मरेल. आम्ही वय विचारून विकतो, कुणाला पुरे झाली ते ओळखतो. तेलाच्या डब्याशेजारी, मुलांच्या चॉकलेटाशेजारी बाटली ठेवली की ते कोण ओळखणार?"

काहींनी टाळ्या वाजवल्या. पाद्री उठून दोन शब्द बोलले. नवे पाद्री होते, कुणाला दुखवणारं काही बोलले नाहीत.

मग कर्टिस उठला. त्यानं कोट काढून खुर्चीवर नीट टाकला.

"रोंडा मला लेकीसारखी आहे. पण साहेब, हा कायदा आमच्या आज्यांच्या काळातला आहे. तेव्हा लोकांना वाटायचं रविवारी बाटली उघडली तर देव रागावतो. माझे वडील आयुष्यात प्यायले नाहीत, ही माझी आई बसलीये, विचारा. पण तेसुद्धा आज असते तर म्हणाले असते, शहाण्या माणसावर विश्वास ठेवा. मी विचारतो, रविवारी एखादी बाटली कुणी कुणाला विकली, तर काय आभाळ कोसळतं? कुणाचं काय बिघडतं?"

लोक हसले. टाळ्या पडल्या. हिल्मा शालीच्या गोंड्याशी खेळत होती.

मार्लिस उठली.

खोकं जड नव्हतं, पण ती सावकाश चालली. जमिनीच्या फळ्या कुरकुरल्या. आमदार म्हणाले, "आजी, तुम्ही बाजूनं की विरोधात?"

"मी मार्लिस हाउगन. आर्लनची बायको."

मागच्या रांगांमधली म्हातारी माणसं सरसावून बसली. मार्लिसनं खोकं टेबलावर ठेवलं, बूट बाहेर काढले आणि टाचा लोकांकडे करून मांडले.

"एका रविवारी दिलेल्या बाटलीसाठी आर्लनला या टेबलासमोर उभं केलं होतं. ती न्यायला आलेलं माणूस हे बूट घालून आलं. बूट आमच्या शेगडीपाशी राहिले. आर्लननं नाव सांगितलं नाही. मीही सांगणार नाही. ज्याचे असतील त्यानं घेऊन जावे."

ती वळली आणि जागेवर जाऊन बसली. हात मांडीवर ठेवले, उताणे.

मग मागून कुणा म्हाताऱ्याचा आवाज आला, "हिरवा पट्टा." आणि दुसरा, "ओरिनचे."

कर्टिस टेबलापाशी गेला. बूट हातात घेऊन उलटा केला. त्याच्या मानेवर लाली चढली, कानांपर्यंत गेली.

"हा काय तमाशा आहे? माझ्या बाबांनी थेंबाला हात लावला नाही. सगळं गाव साक्षीला आहे!" तो मार्लिसकडे वळला. "चर्चच्या दारातून उचलले असतील हे. तुमच्या नवऱ्यानं! तेव्हा एकदा नवे बूट घ्यावे लागले होते बाबांना, मला आठवतंय. म्हणजे बाटलीचा चोरटा विक्रेता तर होताच, वर जोड्यांचा चोरसुद्धा. मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण तुम्हीच बोलायला लावताय."

कुजबूज उठली. काही माना डोलल्या, खरंच असेल बाई, काय सांगावं. रोंडानं आईचा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. "आई, बोल. देवाशपथ बोल, नाहीतर मी बोलते."

"बस खाली."

"तो बाबांना चोर म्हणतोय!"

"म्हणू दे. मोठ्यानं म्हणू दे."

मार्लिस कर्टिसकडे बघतच नव्हती. ती पुढच्या रांगेतल्या त्या पांढऱ्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघत होती, आणि तिची नजर त्या मानेला जाणवत असावी, कारण हिल्मानं शाल वर ओढली. मग पुन्हा ओढली. मार्लिसनं पापणी हलवली नाही. ऐक, तिच्या मनात चाललं होतं. नीट ऐक तुझा लेक काय म्हणतोय. मी ऐकलंय इतकी वर्षं, आज तू ऐक. आज दिवा लावलाय.

"चोर," कर्टिस पुन्हा म्हणाला. त्याला आता टाळी हवी होती. "स्पष्ट शब्द आहे. आर्लन हाउगन चोर होता."

"कर्टिस."

आवाज थंडीनं चिरलेला होता. दबका. मार्लिसनं तो लगेच ओळखला. म्हातारपणानं त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

"बूट खाली ठेव."

"आई, तू मध्ये पडू नकोस. थांब, पाणी देतो."

"पाणी नको. मला वळव. यांच्याकडे तोंड कर माझं."

कर्टिस हलला नाही. गॉर्डी उठला, त्यानं खुर्चीची चाकं फिरवली. हिल्मानं समोर बसलेल्या गावाकडे बघितलं, शेवटी मार्लिसकडे. मार्लिसनं तिला काही दिलं नाही. मान नाही, डोळा नाही, मायेची एक सुरकुती नाही.

"मी घातले होते ते," हिल्मा म्हणाली. "ओरिनला बाटली लागायची. रोज. गोठ्यात. वादळात संपली तेव्हा त्याला भिंतीवर उंदीर दिसायला लागले, अंग झटके द्यायला लागलं. मी त्याचे बूट घालून शेतातून गेले. तू बघितलीस ती पावलं माझी होती, कर्टिस."

कर्टिसच्या हातातून बूट निसटला. लाकडावर मऊ आवाज झाला.

"आर्लनला इथे उभं केलं तेव्हा मी तिथे होते." तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बोट केलं. "तुमच्या मंडळासाठी कॉफी गाळत होते. तू त्याला तीनदा विचारलंस, कुणाला दिलीस. मी तिन्ही वेळा ऐकलं. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, आणि टोपी या हातातून त्या हातात घेतली. मी कप भरत राहिले."

आमदारांची पेन्सिल कधीच थांबली होती. कुणीतरी मागे नाक ओढलं. मार्लिसचे उताणे हात मांडीवर तसेच होते, पण त्यांची बोटं हळूहळू मिटायला लागली होती.

हिल्मानं शाल बाजूला केली, पायांकडे बघितलं, जणू तिथे अजून काहीतरी ओलं होतं.

"माझे पाय गोठले होते. ते हिनं स्वतःच्या पोटाशी धरले," ती म्हणाली. "आणि परत पाठवताना स्वतःचे बूट माझ्या पायांत घातले. ते मी कधी परत दिले नाहीत, मार्लिस. माझ्या खाटेखाली आहेत."